फुग्याची तारीख

पौषातल्या एखाद्या सकाळी माझ्या दुकानासमोर मोटारसायकल थांबते. मागं कॅरिअरला पोतं आडवं बांधलेलं असतं आणि पोत्याच्या तोंडातून ज्वारीची हिरवी कणसं डोकावत असतात. दाजी मफलर सोडतात, पायरीवर पाय आपटून धूळ झाडतात आणि म्हणतात, "अण्णा, घ्या. यंदा दाणा जरा बारीक हाय, पण गोड हाय." कधी दाणा बारीक असतो, कधी पाखरांनी निम्मं खाल्लेलं असतं, कधी पेरणीच उशिरा झालेली असते. वाक्याचा शेवट मात्र ठरलेला. गोड हाय.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, महादेवीचे यजमान. मल्लिनाथ त्यांचं नाव. अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून त्यांचं गाव. महादेवीला जाऊन वीस वर्षं होत आली. दाजींनी नंतर दुसरं लग्न केलं, ते करायलाच हवं होतं, दोन मुलं झाली. तरी पहिल्या हुरड्याचं पोतं दर वर्षी माझ्याकडं येतं. गेलेल्या बायकोच्या माहेरी कणसं पोचवावीत असा कुठं नियम नाही. ते पोचवतात. आणि मी या वीस वर्षांत त्यातला एक दाणा तोंडात टाकलेला नाही. माझ्या बायकोला, सुनंदाला, मी सांगत आलो की हुरडा मला पचत नाही, पोट धरतं. ती बिचारी माझ्या वाटणीचा हुरडा वाळवून ठेवते आणि उन्हाळ्यात त्याचं थालीपीठ करते. तेही मी टाळतो.

सोलापूरची थंडी म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. सकाळी दोन तास अंगावर शाल, अकरा वाजता पुन्हा ऊन. पण त्या दोन तासांत शहराच्या बाहेरून एक वास आत येतो. गोवऱ्यांची आगटी पेटलेली असते, तिच्या राखेत कणसं खुपसलेली असतात आणि हिरव्या दाण्याचं दूध आटताना जो गोडसर, जळकट वास सुटतो तो रस्त्यांवरून, टेक्स्टाइलच्या शेडवरून, दुकानांच्या अर्ध्या उघडलेल्या शटरखालून घुसतो. माझ्या दुकानात दिवसभर व्हार्निशचा आणि जळक्या तारेचा वास असतो. मोटारी रिवाइंड करायचं आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्या व्हार्निशला चिरून हुरड्याचा वास माझ्यापर्यंत येतो आणि हातातला स्क्रू खाली पडतो. आता तर अक्कलकोट रोडला झोपाळे टांगून, पाट्या लावून हुरडा पार्ट्या चालतात. लोक गाड्या घेऊन जातात, सेल्फी काढतात. माझ्याकडं गिऱ्हाईक म्हणून आलेला एखादा शेतवाला आग्रह करतो, "या की एकदा सहकुटुंब." मी हो म्हणतो. जात नाही.

मी कमी बोलतो असं सगळे म्हणतात. काही लोक त्याला सज्जनपणा समजतात. इतकी वर्षं मी तो समज मोडला नाही, हाही एक गुन्हाच धरावा.

महादेवी बारा वर्षांची असताना तिचा घसा सुजला. चार दिवसांत बरा झाला. मग दोनेक आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे, मग कोपर. सांधा बदलायची सूज. अव्वानं, आमच्या आईनं, गरम तेल लावलं, विटेचा शेक दिला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. सांध्यांचा ताप आहे, म्हणाले, सांध्यांना चाटून जातो आणि काळजाला चावतो. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू झालं. न्यायचं काम माझं. लुनावर मागं बसवून नेताना ती नीट बसायची आणि येताना एका कुशीवर, सीटच्या कडेला टेकून. "अण्णा, खड्डे चुकव की," ती ओरडायची. "सोलापुरातले समदे खड्डे तुझ्याच वळखीचे हायत काय?" मी मुद्दाम एक खड्डा घ्यायचो. ती पाठीत गुद्दा घालायची. त्या गुद्द्यांत जोर असायचा तोपर्यंत आम्हाला वाटत होतं, सगळं ठीक आहे.

बाविसाव्या वर्षी तिला धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर वाळवण घालायला गेली की ती जिन्यात मधेच थांबून खाली बघत उभी राहायची. अव्वा विचारायची, काय बघाय लागलीस? "कबुतर," ती म्हणायची. आमच्या जिन्यात कबुतर कधी नव्हतं.

पुण्याहून एक हृदयाचे डॉक्टर दर आठवड्याला सोलापुरात यायचे. त्यांनी पडद्यावर तिचं हृदय दाखवलं. काळ्या-पांढऱ्या धुरात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं, पण उघडताना पूर्ण उघडत नव्हतं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आक्रसली होती. तिच्या पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटल्या होत्या. "मोठ्या नाण्याएवढं भोक पाहिजे," डॉक्टर म्हणाले, "हिचं शर्टाच्या बटणाएवढं राहिलंय." त्यांनी मला विचारलं, काय करता? मी सांगितलं. त्यांना आनंद झाला. "मग तुम्हाला समजवायला नको. पंपाच्या पुढचा वॉल पुरता उघडला नाही तर काय होतं?" मी म्हणालो, मागं प्रेशर चढतं. पाणी मागंच तुंबतं. "बरोबर. इथं मागं फुफ्फुसं आहेत." मग त्यांनी नळीची टोकं माझ्या कानात दिली. लांब कुठंतरी शेतात बेअरिंग गेलेली मोटार चालू असावी असा घरघराट ऐकू आला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. असल्या आवाजाची मोटार कुणी दुकानात आणली की मी सांगतो, आजच्या आज सोडून जा, उद्यावर टाकू नका.

म्हणून म्हणतो, मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. अप्पांना, आमच्या वडिलांना ती होती, अव्वाला होती. मला नाही.

डॉक्टरांनी कागदावर फुगा काढून दाखवला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, हृदयाच्या मधल्या पडद्यातून पलीकडं काढायची आणि नळीच्या टोकाला असलेला फुगा त्या झडपेत नेऊन फुगवायचा. तो आधी पुढून फुगतो, मग मागून, मधे कंबर राहते. "डमरूसारखा दिसतो बघा," ते म्हणाले. ती कंबर बरोबर झडपेत बसते. शेवटी कंबरही फुगते आणि चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. छाती उघडायची नाही, टाका नाही, तिसऱ्या दिवशी घरी. महादेवीला डमरू ऐकून हसू आलं. "म्हंजे सिद्धरामेश्वरच घुसनार की माझ्यात," ती म्हणाली. डॉक्टरही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, झडप अजून मऊ आहे, फुग्याला अशीच झडप लागते.

आणि गाल. तिचे गाल लाल असायचे. आमच्या सावळ्या घरात ते उठून दिसायचे. डॉक्टरांनी त्या गालांकडं बोट केलं आणि सांगितलं, हे चांगलं लक्षण नाही, झडपेच्या दुखण्यात असे गाल होतात. त्या दिवसापासून मला ते गाल बघवेनात. बाकी सगळ्यांना ते आवडायचे.

आता ते सांगतो जे कुणालाच सांगितलं नव्हतं.

महादेवीची दोन स्थळं मोडली होती. एकदा बघायला आलेल्या बाईंनी तिला पाणी आणायला दोनदा आत पाठवलं आणि दुसऱ्या वेळी तिचा श्वास ऐकला. दुसऱ्या स्थळाला कुणीतरी इंजेक्शनचं सांगितलं. अप्पा खचले. आमच्यात बहीण घरात असताना थोरल्या भावानं बोहल्यावर चढायचं नसतं. आणि माझं सुनंदाशी ठरल्यात जमा होतं. सुनंदाच्या वडिलांनी निरोप पाठवला होता की या वैशाखापर्यंत थांबतो, पुढं थांबणार नाही. मी तीस वर्षांचा होतो. सुनंदाला मी दोनदा पाहिलं होतं, एकदा लग्नात वाढताना आणि एकदा बसस्टँडवर. तेवढ्यावर मी रात्रंदिवस तिचाच झालो होतो. तेव्हा मल्लिनाथचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शांत. त्यांना हुरड्याला बोलवायचं ठरलं.

आमच्या पाव्हण्यारावळ्यांत ही एक सोयीची रीत. मुलगी बघायला या म्हणायचं नाही, हुरड्याला या म्हणायचं. पसंत पडली नाही तर कुणाचा अपमान नाही, हुरडा खाऊन माणसं परत गेली. पसंत पडली तर निघताना पाहुणे कणसांचं एक पोतं मागून घेतात आणि गाडीत टाकतात. कुणी काही बोलत नाही. पोतं गाडीत चढलं की अव्वा आत जाऊन साखर आणते.

हुरड्याच्या आठवडाभर आधी मी डॉक्टरांकडं फुग्याची तारीख घ्यायला गेलो. महादेवी बरोबर होती, पण बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसली होती. डॉक्टरांनी तारीख दिली ती हुरड्यानंतर तीन दिवसांची. मी म्हणालो, लग्नाचं बघतोय, लग्नानंतर केलं तर चालेल का? ते म्हणाले, "नाही. आधी करा. दिवस राहिले की रक्त वाढतं, ही झडप ते सोसणार नाही." मी पुन्हा विचारलं, सहा महिन्यांनी? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा आवाज चढवून.

मी बाहेर आलो. हुरड्यानंतर तीन दिवसांनी मुलगी दवाखान्यात दाखल झाली तर सोलापुरात कोण ना कोण बघणार. काळजाचं ऑपरेशन झालेली मुलगी. मांडीतून नळी घातली हे कोण ऐकून घेणार? पोतं परत येईल. वैशाख जाईल. बाकापर्यंतची ती वीस-पंचवीस पावलं मला आजही जशीच्या तशी चालता येतात. महादेवी पेरू खात होती. "काय म्हणले?"

"घाई न्हाई म्हणले. लग्न झाल्यावर निवांत करा."

"नक्की?"

"दोनदा विचारलं की."

तिनं मोठा श्वास सोडला, उरलेला पेरू माझ्या हातात दिला आणि लुनाकडं चालायला लागली. तिच्या पाठीवर ओढणीचं एक टोक लोंबत होतं. ते धुळीत लागत होतं, मी सांगितलं नाही. का कुणास ठाऊक, हे आठवतं.

घरी अप्पा-अव्वालाही तेच सांगितलं. शिकलेला, यंत्रातलं कळणारा मुलगा सांगतोय म्हटल्यावर पुढं कोण विचारणार? तारखेचा कागद खिशात राहिला. मोटार उघडली की जुनी तार किती वेढ्यांची, कुठल्या गेजची, हे आम्ही हाताला लागेल त्या कागदावर लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या पाठीवर मी कुणाच्या तरी पाच एचपीच्या मोटारीचे वेढे लिहिले. मोटार चालू झाली, कागद कचऱ्यात गेला. तारखेच्या दिवशी मी दवाखान्याकडं फिरकलो नाही.

हुरड्याच्या दिवशी आमच्या अडीच एकरात ऊन असं पडलं होतं की ज्वारीच्या ताटांच्या सावल्या मोजाव्यात. खड्ड्यात आगटी पेटली होती. अप्पा कणसं भाजत होते. महादेवी पोत्यावर बसून गरम कणीस तळहातात मळत होती. हिरवे दाणे सुपात टपटप पडत होते. चार-पाच कणसं झाली की ती थांबायची, डोळ्यात कूस गेलं म्हणून पदरानं डोळे पुसायची, दम खायची, पुन्हा मळायची. हे फक्त मला दिसत होतं. शेंगांची चटणी, दही, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, सगळ्यांची तोंडं काळी झालेली. मल्लिनाथची आई कन्नडच बोलायची. तिनं महादेवीच्या हनुवटीला हात लावून तिचा चेहरा उन्हाकडं फिरवला, ते लाल गाल नीट पाहिले आणि आपल्या जावेला म्हणाली, "हुडुगी चंद अदाळ." पोरगी देखणी आहे. अव्वाचा चेहरा फुलला. मी कणसं खुडत होतो. धसकटानं माझं बोट कापलं.

मग कुणीतरी म्हणालं, नवी मोटार बसवलीय म्हणे विहिरीवर, मल्लिनाथला दाखवा की. दाखवायला मी जायला हवं होतं, मोटार मीच बसवली होती. पण सगळ्यांनी हसून महादेवीला पाठवलं. विहीर बांधाच्या पलीकडं. मला इथून दोघं दिसत होते, आवाज येत नव्हता. महादेवी विहिरीच्या काठावर बसली. धाप लागली, आता त्याला कळणार. ती बराच वेळ बसून होती, तो उभा होता, मग तोही बसला. परत आले तेव्हा दोघंही हसत होते. सुटलो, असं मला वाटलं. खरंच हाच शब्द मनात आला.

निघताना त्यांनी पोतं मागितलं.

वैशाखात एकाच मांडवात आम्हा दोघा भावंडांची लग्नं झाली. तिच्या सासरी कळेल म्हणून फुग्याचं नाव मी नंतरही काढलं नाही.

वर्षभरानं तिला दिवस राहिले. पाचव्या महिन्यापर्यंत फोनवर हसत होती. सातव्यात जीपमधून सोलापूरला आणली तेव्हा तिला आडवं होता येत नव्हतं. तीन उशांना टेकून बसायची आणि श्वास असा घ्यायची जसा कुणी खोल विहिरीतून दोर ओढतोय. डॉक्टर तेच होते. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. ठोके वेडेवाकडे पडतायत, डाव्या कप्प्यात रक्ताची गाठ धरलीय. आता फुगा नेला तर ती गाठ सुटून मेंदूत जाईल. "रक्त पातळ करून वाट बघू," ते म्हणाले. मग चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. "तुम्हाला तारीख दिली होती ना? आला का नाहीत?"

"पाव्हण्यांत मयत झालं होतं," मी म्हणालो. कुणाचंही झालं नव्हतं.

महादेवी उशांवरून म्हणाली, एकेक शब्द तोडून, "अण्णा, मीच लवकर सांगाय पायजे होतं. धाप लागतीया म्हणून. तू तरी काय करनार?" मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती. तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्या वेळी माणूस स्वतःची समजूत घालतो की आता सांगून तिला त्रास कशाला, बरी झाली की सांगू. भित्र्या माणसाच्या मनात दया फार लवकर येते.

चौथ्या दिवशी सकाळी, अव्वा तिच्या केसांना तेल लावत असताना, ती गाठ आपणच सुटली. दुपारपर्यंत सगळं संपलं. बाळ पोटातच राहिलं.

त्या पौषात दाजी पहिल्यांदा एकटे पोतं घेऊन आले. अप्पांनी ते छातीशी धरलं, कणसांसकट. नंतर अप्पा गेले, अव्वा गेली. दोघं जाईपर्यंत म्हणत राहिले की तिचं आयुष्यच तेवढं होतं. अव्वा तर शेवटी म्हणायची, "तू मात्र तिच्यासाठी लई केलास. दर इकवीस दिसाला." मी ऐकून घेतलं. शिव्या परवडतात, असली शाबासकी माणसाला आतून कुजवते.

एक समर्थन मात्र मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. रात्री झोप येण्यापुरतं ते पुरायचं. ते असं की, मी खोटं बोललो नसतो तर लग्नच झालं नसतं. सासरी कळलं असतं तर त्यांनी तिला सोडली असती. दीड वर्षाचा का होईना, तिला संसार मिळाला तो माझ्या खोट्यामुळं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला कोपरे राहिले नव्हते.

यंदा दाजी आले ते दुपारी. पोतं उतरवलं, स्टुलावर बसले, चहा घेतला. गडबडीत नव्हते. गावातल्या गोष्टी निघाल्या. म्हणाले, "आमच्या गल्लीतल्या एका पोरीला ह्या महिन्यात फुगा घातला, अण्णा. वॉल चिकाटलावता. तिसऱ्या दिशी घरी. परवा बघतो तर डोस्क्यावर कडब्याची पेंढी घिऊन चाललीया."

मी पक्कड खाली ठेवली. "असं?"

"व्हय. मला महादेवीची आटवन आली. तिचं बी तसंच करायचं होतं की."

दुकानात पंखा नव्हता, थंडीचे दिवस. तरी मला काहीतरी फिरतंय असं वाटलं. "तुम्हाला... वॉलचं माहीत होतं?"

दाजी माझ्याकडं बघून हसले, लहान मुलाकडं बघून हसावं तसं. "न्हाई तर? पयल्याच दिशी सांगितलंवतं तिनं. हिरीवर. बसली आन म्हणली, आदी ऐकून घ्या, मग पोतं न्यायचं का न्हाई ते ठरवा. माज्या काळजाचा वॉल खराब हाय. इंजेक्शनं चालू हायत. फुगा घालायचाय. समदं सांगितलं. डमरूचं बी."

"मग तुम्ही?"

"मी म्हणलं, घालू की. आमच्या म्हशीचं पोट फाडून डॉक्टरनं रेडकू काडलं, ती अजून दूद देतीया. तवा ती लई हसली." ते कपाच्या तळाकडं बघत राहिले. "इंजेक्शनाला मीच न्यायचो अक्कलकोटला. आईला सांगायचो, देवाला जातोय. आई म्हणायची, सून लई देवभोळी हाय बाबा, दर इकवीस दिसाला दर्शन लागतंय."

मला वाटत होतं, लग्नानंतर तिनं इंजेक्शनं सोडली असतील. तोही दोष मी मनात तिच्याकडं थोडा सरकवून ठेवला होता.

"लगीन झाल्या झाल्या मी म्हणलं, चल आता फुग्याचं बघू," दाजी म्हणाले. "तर म्हणली, अण्णा इचारून आलाय, डॉक्टर घाई न्हाई म्हणलेत. मग मी बी गप बसलो. म्हणलं, मोटारीच्या नुसत्या आवाजावरनं दुखनं सांगनारा मानूस, त्यो दोनदा इचारून आलाय म्हटल्यावर आपन कोन?"

म्हणजे लपवायचं काही नव्हतंच. जे उघडं पडेल म्हणून मी तारीख घालवली, ते तिनं स्वतःच, दम खात, विहिरीच्या काठावर बसून उघडं केलं होतं. आणि त्यानं पोतं मागितलं होतं. बांधाच्या अलीकडून मी जे बघत होतो ते तिची धाप नव्हती, तिचं धाडस होतं. तिला संसार माझ्या खोट्यानं दिला नाही, तिच्या खऱ्यानं दिला. माझ्या खोट्यानं तेवढा तो दीड वर्षात संपवला.

मी सांगितलं. मला वाटत होतं की ही गोष्ट सांगायला पूर्ण दिवस लागेल. चार वाक्यांत झाली. डॉक्टर आधी करा म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते. तारीख दिली होती. मी तिला खोटं सांगितलं, कारण माझं लग्न अडलं होतं.

मधे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण नंतर सांगण्याचा धीर राहणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनंदालाही सांगितलं. ती ताटलीत हुरडा निवडत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे माझ्यासाठी?" तिनं विचारलं. "मग इतकी वर्षं माझ्याकडं बघताना तुम्हाला ती दिसत होती व्हय?" मी नाही म्हणायला हवं होतं. आयुष्यात एकदा खोटं बोलण्याची खरी गरज होती आणि नेमकं तेव्हा मला जमलं नाही. ती ताटली घेऊन आत गेली. तेव्हापासून घरात ती जेवायला वाढते, कामापुरतं बोलते. आमच्या घरात आता कमी बोलणारी दोन माणसं आहेत. हे छापून आलं तर ती वाचेलच. वाचावं.

पण दाजी काय म्हणाले, ते राहिलं.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या टेपचा आवाज येऊन गेला. मला वाटलं, उठतील, पोतं उचलून परत नेतील. मला वाटलं, मारतील. मारावं, असंही वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला, तळहात मांडीवर पुसले. आवाजात राग नव्हता. हिशेब जुळत नसताना माणूस विचारतो तसं विचारलं.

"कुठल्या वारी होती तारीख?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," ते म्हणाले. मग उठून मफलर गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता थांबले. "मंगळवारी मी सोलापुरातच असायचो की, अण्णा. भाजी टाकाय मार्केटला. नऊ वाजता मोकळा व्हायचो, आन मग दिसभर नुसता भटकायचो बघा, गाडी संध्याकाळची असायची म्हणून." त्यांनी मफलरचं टोक खोचलं. "मी आलो असतो तिच्यासंगं."